शुक्रवारचा म

लूम थांबले की कावळे ऐकू येतात.

घोरा नाही, घोडा. गारी नाही, गाडी.

महादू सुरतेला गेला. जाताना पोरीसाठी गुलाबी रिबिनी ठेवून गेला.

रुईचा पुंजका तळहातावर घ्यायचा, तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं: प.

वडपे गावात एका पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, साबणाच्या वडीएवढं एक मशीन आहे.

"बाई, बोला ना."

हे सगळे तुकडे एकाच मुलीचे आहेत. तिचं नाव मैना. मी अतिया, तिची बालवाडीची बाई. तुकडे ओळीने लावून बघितले, लागतात. पण ओळीने लावले की माझी चूक मध्येच कुठेतरी येते, जशी काही ती एका दिवशी झाली. ती एका दिवशी झाली नाही.

*

आमची बालवाडी म्हणजे मोहिउद्दीनचाचांच्या कारखान्याला लागून एक खोली. मधली भिंत एका विटेची, पलीकडे कापड विणायचे चोवीस लूम. भिंतीला पाठ टेकली की पाठीतून लूम चालायचा. तीस मुलं, एक दार, खिडकी नाही. फळ्यावर मी सकाळी पुसलेली धूळ दुपारपर्यंत परत यायची, पांढरी, मऊ. धूळ कसली, रुईच ती.

आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात. कोणी हळू बोललं तर लोक विचारतात, बरं नाही का? आणि कारखान्याच्या आत तर आवाजाने कोणी बोलतच नाही. एक कामगार चार लूम पलीकडच्याला विचारतो, चहा आला का, ते नुसत्या ओठांनी. दुसरा ओठांनीच सांगतो, आला नाही, तुझा बाप आणणार का. दोघं हसतात. हसणंही ऐकू येत नाही.

अशा जागेत मला मुलांना अक्षरांचे आवाज शिकवायचे होते.

मी ठाण्याला बालवाडीचा कोर्स केला तेव्हा मला 'बाळ' म्हणता यायचं नाही. आमच्या घरी 'बाल'. शिकवणाऱ्या बाईंनी मला वर्गासमोर उभं करून चाळीस वेळा म्हणायला लावलं. बाकीच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. चाळिसाव्या वेळी ळ आला. मग तो मी कधी सोडला नाही. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं आजूबाजूच्या गावांतली. ती घोड्याला घोरा म्हणायची, पाण्याला पानी, काळ्याला काला. मी एकेकाला धरून सुधारायची. माझी फजिती झाली ती ह्यांची नको व्हायला.

पुस्तकात क कमळाचा होता. कमळ एकानेही बघितलेलं नव्हतं. मी फळ्यावर लिहिलं: क कांडीचा. कांडी म्हणजे लूमवर आडवा पळतो त्या धोट्यात बसवायची सुताची नळी. ती भरायला मुलांच्या आया बसत. ध धोट्याचा. भ भोंग्याचा. ल लूमचा. आणि लूम चालू असताना आवाज पोहोचत नाही म्हणून सांगितलं, "माझ्या तोंडाकडे बघा." मी ओठ मोठे करून बोलायची. आ म्हणताना जबडा खाली, ऊ म्हणताना चंबू. मुलं ओठ बघून शिकायची, पटापट. सुपरवायझर बाई आल्या तेव्हा त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, उपक्रम स्तुत्य.

त्या दिवशी त्यांच्यापुढे मी मैनाला उभं केलं होतं. चार वर्षांची, तेल चोपडलेलं डोकं, पुढच्या रांगेत बसून माझ्या तोंडावरून नजर न काढणारी. मी आवाज न करता नुसता ओठांचा चंबू केला. मैना ओरडली, "ऊ!" मी ओठ ताणले. "ई!"

सुपरवायझर बाईंनी टाळ्या वाजवल्या. मैनाने टाळ्यांकडे बघितलं आणि तिनेही वाजवल्या.

*

प म्हणा. आरशात बघून म्हणा. ब म्हणा. म म्हणा.

ओठ मिटले, उघडले. ओठ मिटले, उघडले. ओठ मिटले, उघडले.

हे मी तेव्हा आरशात बघितलं नाही.

*

मैना म्हणाली, "बाई, बानी."

मी म्हटलं, "बानी नाही, पाणी. ण. जीभ वर."

ती म्हणाली, "मानी."

मी म्हटलं, "नी नाही गं, णी."

मी ण सुधारत बसले. आधीच्या अक्षराकडे माझं लक्षच गेलं नाही. वडप्याची मुलगी, ण येत नसणारच, असं मी घरूनच ठरवून आले होते.

*

मैनाचा बाप राघो पलीकडच्या कारखान्यात लूमवर होता. आई तुळजा तिथेच कांड्या भरायची. तुळजाचा चुलतभाऊ महादू राघोच्या शेजारच्या लूमवर, जेवायला त्यांच्याच घरी. पोरीला खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडवायचा तोच.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीच्या सुमारास राघोची आई रंगूबाई वडप्याहून राहायला आली होती. एके दिवशी बालवाडी सुटायला आणि सकाळची शिफ्ट सुटायला एकच गाठ पडली. गल्लीत कामगार, दारात मुलांच्या आया, रंगूबाई पायरीवर बसलेली. महादू आला, त्याने लांबूनच हात पसरले. तुळजाने पोरीला वळवलं आणि विचारलं, "कोण आलं गं?"

मैना आनंदाने ओरडली, "बाबा!"

मग एक कामगार म्हणाला, "महाद्या, बढती झाली रे तुझी!"

"पार्टी दे, पार्टी!"

"राघोला सांगू नका, तो डबल ड्युटीवर हाय."

सगळे हसले. महादूही हसला, पण त्याचे हात खाली आले. तुळजा म्हणाली, "मामा गं, मामा!" मैनाने आईचे ओठ नीट बघितले आणि तिच्याहून मोठ्याने म्हणाली, "बाबा! बाबा!"

रंगूबाईने पायरीवरून उठत लुगडं झटकलं. "लहान पोर खोटं न्हाय बोलत गो, तुलजे."

तुळजाने पोरीच्या गालावर चापट मारली, आणि ती रडली नाही म्हणून आणखी एक.

तिसऱ्या दिवशी कामाची सुट्टी टाकून तुळजा माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली. "बाई, तिला तेवढा मामा शिकवा. बाकी काय न्हाय आलं तरी चालंल. घरी दोन दिवस चूल पेटली न्हाय."

"येईल गं. हट्ट करते ती."

"हट्टच. बापावर गेली हाय."

"मामा तर सगळ्यांत सोपा शब्द," मी म्हटलं. "तान्ह्या मुलांना येतो."

*

मामा.

बाबा.

मामा, मैना. माझ्याकडे बघ. मा.

बा.

मा!

पा.

*

आठ दिवस हे चाललं. एकदा तर तिने बरोबर म्हटलं, मी खडीसाखर दिली, आणि पुढच्याच क्षणी पुन्हा बाबा. मला वाटलं, ही मला खेळवते आहे. त्या शुक्रवारी लूम बंद होते. एरवी शुक्रवारी बालवाडीही बंद असायची, पण त्या दिवशी सुपरवायझर बाई येणार म्हणून मी मुलांना बोलावलं होतं. बाहेर सगळं शांत. बाकीच्या मुलांचे आवाज आपोआप खाली आले होते. मैना तेवढी रोजच्यासारखी ओरडत होती. म्हणजे उद्धटपणाच, नाही का.

मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मागे उभी राहून म्हटलं, "म्हण, मामा." ती गप्प. "मामा म्हण, मग बस." गप्प. मी तीस वेळा तरी म्हटलं असेन. शेवटी माझाच घसा बसला. मी म्हटलं, "बरं, ये. झालं. ये बाळ."

बाळ. ळ स्वच्छ.

ती वळली नाही. मी म्हटलं, राहा मग. ती बालवाडी सुटेपर्यंत तशीच उभी राहिली. सुपरवायझर बाई आल्याच नाहीत. मुलं गेल्यावर मी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली. तिने दोन्ही तळहात भिंतीला टेकवले होते. रोज तिथे भिंत थरथरायची. ती थरथर कुठे गेली ते ती बघत होती, असं मला आता वाटतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. तेव्हा मी तिच्या हाताला लागलेला चुना पुसला.

होळीच्या आधी महादू सुरतेला गेला. तिकडे मजुरी बरी, असं सगळ्यांना सांगून.

*

ऑगस्ट. पाऊस आत येत होता म्हणून दार लावलेलं. मी गोष्ट सांगत होते, चिखलात फसलेल्या बैलाची, आणि लाईट गेली.

लूम एकदम थांबले. खोलीत काळोख. एखादं मूल घाबरायला नको म्हणून मी गोष्ट थांबवली नाही, उलट आवाज उतरवला, कारण आता ओरडायची गरज नव्हती. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच माझा खरा आवाज त्या मुलांना ऐकू येत होता. एकोणतीस मुलं गप्प बसून ऐकत होती. बैल एक पाय काढायचा, दुसरा रुतायचा.

"बाई, बोला ना."

मी म्हटलं, "बोलतेच आहे, मैना. मग बैलाने काय केलं—"

"बाई, बोला! बाई गप का झाली? बोला ना!"

मुलं हसली. एक जण म्हणाला, "बाई बोलतायत की गं!" मैना रडायला लागली, ओरडून, घशातून. काळोखात मुलांना तुडवत ती माझ्यापर्यंत आली. तिच्या हातांनी आधी माझा गुडघा सापडला, मग पदर, मग हनुवटी. तिने बोटं माझ्या ओठांवर ठेवली.

ओठ हलत होते. मी अजून बैलाचीच गोष्ट सांगत होते. तोंड बंद करायचं मला सुचलंच नाही.

तिची बोटं तशीच राहिली. ती रडायची थांबली. मग मीही थांबले.

लाईट आल्यावर मी तोंडावर पदर धरून तिच्यासमोर म्हटलं, "मैना." ती माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली, मग पुढे होऊन तिने पदर खाली ओढला. आता म्हण, अशा चेहऱ्याने.

*

तुळजा आणि मी तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही मोठं दुखणं?

"गोवर आला व्हता. दोन वर्षांची व्हती." तुळजा माझ्याकडे बघून बोलत होती, डॉक्टरांकडे नाही. "त्याच्या आधी लय बडबडायची. मामा, आई, चिऊ, सगळं. नाव दुसरंच हाय तिचं, बाई. बडबडीपायी मैना बोलायला लागलो."

"मग बोलणं कमी झालं तेव्हा आणलं का नाही?"

तुळजा म्हणाली, "कमी न्हाय झालं. मोठ्याने बोलायला लागली. आमच्यात सगळेच मोठ्याने बोलतात."

डॉक्टरांनी सांगितलं ते मी पाठ केलं. थोडं ऐकू येतं, ते जपा. लूमच्या आवाजापासून लांब ठेवा. कानाच्या मशीनसाठी अर्ज करा. सहा-सात वर्षांची होईपर्यंत जेवढे शब्द आत जातील तेवढे. नंतर फार कठीण. मुक्या-बहिऱ्यांची शाळा ठाण्याला आहे.

राघोला शाळेचं सांगितलं तेव्हा तो हसला. "बहिरी? मग आमचं सगळं खातं बहिरं हाय, बाई. मला तरी कुठं ऐकू येतंय? तुमी बोलताय ते मी तोंड बघूनच वळखतोय." मग त्याचं हसू गेलं. तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काहीच बोलत नव्हते तरी. ठाण्याला तो तयार झाला नाही.

मैना साडेपाच वर्षांची होती.

*

शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवार आमचा. अम्मी म्हणायची, "जुम्म्याला तरी घरी बस. त्या पोरीला तू जन्म दिलास का?" मी नमाजाच्या वेळेपर्यंत परत यायचं कबूल करून निघायची.

खोलीत आम्ही दोघीच. मी भिंतीच्या कोपऱ्यातली रुई गोळा केली, पुंजका तळहातावर ठेवला. प म्हटलं. रुई उडाली. तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "ब." रुई जागच्या जागी. मी मान हलवली. तिने पुन्हा जोर केला. उडाली! ती रुईच्या मागे खोलीभर पळाली, पकडून आणली, पुन्हा प. पूर्ण एक शुक्रवार प. पाय. पान. पाल. पाटी.

ब साठी तिचा हात माझ्या गळ्यावर. बस. बशी. बादली.

म सगळ्यात उशिरा आला. म ओठांत नसतोच. मी तिचं बोट माझ्या नाकाच्या कडेला ठेवलं आणि गुणगुणले. म्म्म्म. बोटाखाली नाक थरथरलं. तिने डोळे मोठे केले, दुसरा हात उचलून भिंतीवर टेकवला, मग पुन्हा माझ्या नाकावर. लूम? असं तिने हाताने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "नाकात लूम."

म ला आम्ही नाकातला लूम म्हणायला लागलो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तुळजा तिला न्यायला आली, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत. मैनाने एक बोट नाकाला लावलं आणि म्हणाली, "म्मा-म्मा."

स्पष्ट. कोणी भिंतीपलीकडून ऐकलं असतं तरी कळलं असतं.

तुळजा उंबऱ्यावर बसली. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, पोरीला जवळ घेईल. ती मैनाच्या फ्रॉकची बटणं लावत राहिली. लावलेली काढून पुन्हा लावली.

"आता कुणाला म्हणणार गो, बाय?"

मैना तिच्या तोंडाकडे बघत होती. तिने बोट नाकाला लावून पुन्हा म्हणून दाखवलं.

*

मार्चमध्ये तुळजाला मुलगा झाला. रंगूबाई आली ती मैनाला आणि बाळाला वडप्याला न्यायलाच. तुळजाला कांड्यांवर परत जायचं होतं, बाळ सांभाळायला मैना.

मी सांगितलं, "आजी, अजून एक वर्ष तरी इथे राहू दे. मला फक्त शुक्रवार द्या."

रंगूबाई म्हणाली, "डागदर काय बोलला? आवाजापासून लांब ठेवा, बोलला ना?"

"हो, पण—"

"तूच बोललीस मला. तीनदा बोललीस. हितं रातदिस खडखड. वडप्याला कावल्याबिगर आवाज न्हाय. पोरीचं कान बरं व्हायला नकोत?"

तीनदा सांगितलं होतं, हे खरं. आणि सुनेच्या पोरीचं वाईट व्हावं म्हणून ती म्हातारी बोलत नव्हती. संक्रांतीच्या त्या बोलण्याबद्दल तिने तुळजाचे हात धरून माफी मागितली होती. ती डॉक्टरांचं ऐकत होती. मी सांगितलेलं ऐकत होती.

मैना टेम्पोत बसली तेव्हा बाळ तिच्या मांडीवर होतं. तिच्या वेण्यांना महादूच्या गुलाबी रिबिनी बांधलेल्या.

जूनमध्ये मशीन आलं. ते घेऊन मी वडप्याला गेले. मैनाच्या गळ्यात पिशवी अडकवली, कानात बोंडूक घातलं, बटण फिरवलं. अंगणात कावळा ओरडला. मैना इतकी झपकन वळली की बाळ हातातून सुटता सुटता राहिलं.

दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा मशीन दिसलं नाही. "पोरं रेडिओ रेडिओ करून मागं लागतात," रंगूबाई म्हणाली. "सेल पन संपले. पेटीत ठेवलाय, नीट हाय." मैनाने मला ओळखलं. मी नाकाला बोट लावलं. तिनेही लावलं, हसली. आवाज काढला नाही. माझी शेवटची बस होती.

*

मग आठ वर्षं.

सत्त्याण्णवमध्ये एका आईला निरोप द्यायला मी एका कारखान्यात शिरले. लूम चालू होते. भिंतीकडेला कांड्या भरणाऱ्या बाया ओळीने बसलेल्या, आणि त्यांच्यात चौदा वर्षांची एक मुलगी, हात इतके भरभर चालणारे की सूत दिसत नव्हतं. शेजारची बाई ओठांनी काहीतरी बोलली. मुलीने ओठांनीच उत्तर दिलं. ओळीतल्या चारही बाया पोट धरून हसल्या. काय बोलली कोण जाणे. तिथे ती कोणाहून कमी नव्हती.

मुकादम माझ्या कानाशी ओरडला, "वो लडकी? एक नंबर! आवाज की कोई कंप्लेंटच नहीं!"

तिने मान वर केली. मला बघितलं. हात थांबले.

तिचे ओठ मिटले, उघडले. मग ताणले गेले, ई म्हणताना ताणतात तसे.

बाई म्हणाली असेल. माई असेल, पाई असेल. मी तिच्या गळ्याकडे बघितलं, नाकाकडे बघितलं. जवळ गेले असते, बोट लावलं असतं तर कळलं असतं. मध्ये लूमचा पट्टा फिरत होता. मी कितीतरी वेळ तिच्या तोंडाकडे टक लावून उभी होते, मला काहीही कळत नव्हतं, आणि ती तोच शब्द पुन्हा, सावकाश, ओठ मोठे करून म्हणत होती, जसं मंद मुलाला सांगावं.

*

जून १९८७च्या हजेरीपटात मैनाच्या नावापुढे, पहिल्याच आठवड्यात, माझ्या अक्षरात शेरा आहे: हाक मारली तर वळत नाही. तोंडाकडे छान बघते.